जंगबारचे पाषाणनगर

मार्गशीर्ष सरून पौष लागला, की अरबी समुद्रावर ईशान्येकडून जो कोरडा, संथ आणि भरवशाचा वारा वाहू लागतो, त्याच्या आधाराने कच्छ-मांडवीची, मस्कतची आणि हद्रमौतची गलबते शतकानुशतके आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जात असत. आणि पुढे चैत्र-वैशाखात वारा फिरून दक्षिणेकडून वाहू लागला, म्हणजे भर पावसाळ्याचे तुफान उठण्यापूर्वी तीच गलबते हस्तिदंत, डिंक, कांदळाचे वासे आणि पुढच्या काळात लवंगाही भरून माघारी निघत. जाण्याच्या आणि परतण्याच्या या दोन वाऱ्यांच्या मध्ये जे महिने व्यापाऱ्याला, तांडेलाला आणि खलाशाला परक्या किनाऱ्यावर काढावे लागत, त्या सक्तीच्या मुक्कामातून एक शहर जन्मास आले. त्या शहरातले लोक पहिल्या वाऱ्याला ‘कास्काझी’ आणि दुसऱ्याला ‘कूसी’ म्हणतात; आपल्या शहराला ते ‘म्जी म्कोंग्वे’, म्हणजे जुने गाव, म्हणतात; युरोपियनांनी त्याच्या दगडी घरांवरून त्यास ‘स्टोन टाउन’ असे नाव दिले; आणि ज्या उंगुजा बेटाच्या पश्चिम टोकाशी ते वसले आहे, त्या बेटाला सारे जग झांझिबार म्हणून ओळखते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे जुने व्यापारी मात्र त्यास ‘जंगबार’ म्हणत, आणि मला हेच नाव अधिक जवळचे वाटते. फारसी भाषेत ‘जंग’ म्हणजे कृष्णवर्णीय आफ्रिकी लोक आणि ‘बार’ म्हणजे किनारा. ‘मलबार’ या आपल्या ओळखीच्या शब्दाच्या शेवटी जो ‘बार’ आहे, तोच हा. एकाच शब्दाने महासागराचे दोन्ही काठ बांधले गेले आहेत, ही गोष्ट केवळ व्युत्पत्तीच्या हौसेने सांगावी अशी नाही. झांझिबारची जी चित्रे आज जाहिरातींतून आपल्यापुढे येतात, त्यांत पांढरी वाळू, निळे पाणी आणि नारळीची झाडे एवढेच असते, आणि असा देखावा उष्ण कटिबंधातल्या कोणत्याही बेटावर मिळतो. जे दुसरीकडे मिळत नाही, ते या शहरात आहे. आणि ते घडविण्यात आपल्या किनाऱ्याचा, विशेषतः मुंबई बंदराचा, जो हात आहे, तो आपल्या वाचकांस फारसा ठाऊक नाही. त्या हाताने इथे शोभा निर्माण केली, तसेच पापही केले; या दोन्हींची नोंद घेतल्यावाचून हे शहर पाहिले असे म्हणता येणार नाही.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस सहा अंशांवर, टांझानियाच्या मुख्य भूमीपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर अंतरावर हे बेट आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाची जहाजे या किनाऱ्यावरून गेली, आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे येथे पोर्तुगिजांचा वरचष्मा राहिला. पण त्यांनी मागे ठेवले ते थोडेच. १६९८ साली ओमानच्या अरबांनी त्यांना या किनाऱ्यावरून हुसकावले आणि पोर्तुगीज प्रार्थनामंदिराच्या जागी एक किल्ला उभारला, जो आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे आणि ज्याच्या पटांगणात आता गाण्याबजावण्याचे जलसे होतात. खरे शहर वसले ते मात्र एकोणिसाव्या शतकात, सय्यद सैद बिन सुलतान या ओमानच्या राज्यकर्त्याने मस्कतचे रखरखीत खडक सोडून आपली राजधानीच या हिरव्या बेटावर आणली तेव्हा. १८३० ते १८४० या दशकात हे स्थलांतर पूर्ण झाले. राजाने आपली राजधानी हजारो मैल दूरच्या दुसऱ्या खंडात नेऊन ठेवावी, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत. सैद हा तलवारीपेक्षा तागडीची भाषा चांगली जाणणारा पुरुष होता. माझगावच्या गोदीत बांधलेली त्याची ‘सुलताना’ ही नौका १८४० साली थेट न्यू यॉर्कच्या बंदरात जाऊन नांगरली गेली, यावरून त्याच्या व्यापारी दृष्टीचा पल्ला ध्यानात यावा.

त्याच्या वैभवाचे बीज एका झाडात होते. लवंग ही मूळची मोलुक्का बेटांची. तेथून फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या आपल्या बेटांवर नेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथून ती झांझिबारात आली. आपण मसाल्यात घालतो किंवा विड्याला टोचतो ती लवंग म्हणजे फळ नव्हे की बी नव्हे, तर न उमललेली कळी. ती उमलण्यापूर्वी हाताने खुडावी लागते, देठापासून वेगळी करावी लागते, आणि चटईवर पसरून तांबूस-काळी होईपर्यंत उन्हात वाळवावी लागते. हे सारे काम मनुष्यबळाचे, आणि सैदने हे बेट जेव्हा लवंगांनी भरून टाकण्याचा निश्चय केला (प्रत्येक जमीनदाराने एका नारळामागे तीन लवंगा लावाव्यात, नाही तर जमीन जप्त होईल, असे त्याचे फर्मान होते असे सांगतात) तेव्हा ते मनुष्यबळ कोठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर मुख्य भूमीवरच्या गुलामांच्या तांड्यांत शोधले गेले. थोड्याच दशकांत झांझिबार आणि शेजारचे पेंबा ही दोन बेटे जगातील लवंगेची सर्वांत मोठी पेठ बनली. १८७२ सालच्या भयंकर चक्रीवादळात उंगुजावरची बहुतेक झाडे उन्मळून पडली, आणि तेव्हापासून लवंगेचा मोठा भाग पेंबावरूनच येतो.

सुलतानाचे राज्य अरबांचे, पण त्याचे दफ्तर आणि तिजोरी हिंदी माणसाच्या हाती होती. बंदरावरच्या जकातीचा इजारा मुंद्र्याच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे सुमारे अर्धशतक होता. म्हणजे सुलतानाला ठरीव रक्कम आगाऊ पोचवायची, आणि गलबतांकडून जकात वसूल करून आपला नफा काढायचा. सुलतान स्वतः या पेढीचा ऋणको असे. भाटिया, खोजा, बोहरी, मेमण, पारशी आणि पुढे गोवेकर अशा नाना जमातींचे लोक येथे आले. कोणी हुंड्या वटविल्या, कोणी आतल्या मुलुखात जाणाऱ्या अरब तांड्यांना भांडवल पुरवले, कोणी दुकान थाटले. गोमंतकीयांनी छायाचित्रणाच्या पेढ्या काढल्या, आणि जुन्या झांझिबारची जी चित्रे आज आपण पाहतो, त्यांतली पुष्कळशी गोम्स आणि कुटिन्यो या नावांच्या पेढ्यांतून निघालेली आहेत. आफ्रिकेच्या अंतर्भागातला हस्तिदंत येथून मुंबईस जाई. बाजारात हिंदी रुपया चाले, आणि १९०८ साली झांझिबार सरकारने स्वतःचे नाणे काढले, तेव्हा त्याचे नावही रुपयाच ठेवले. इंग्रजांच्या न्यायालयात इंडियन पिनल कोड लागू होते, आणि तेथील निवाड्यावर अपील करायचे, तर ते कित्येक वर्षे मुंबईच्या हायकोर्टात करावे लागे.

या संबंधाची जिवंत साक्ष पाहायची असेल, तर भाषेकडे कान द्यावा. स्वाहिली ही आफ्रिकी बांटू कुळातली भाषा, पण तिच्या बाजारात उभे राहिले असता मराठी माणसाला पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतात. सरकार म्हणजे ‘सेरिकाली’, बंदर म्हणजे ‘बंदारी’, हिशेब म्हणजे ‘हेसाबू’, वकील म्हणजे ‘वाकिली’, तारीख म्हणजे ‘तारेहे’, दफ्तर म्हणजे ‘दाफ्तारी’, खबर म्हणजे ‘हाबारी’, गाडी म्हणजे ‘गारी’, लाख म्हणजे ‘लाकी’, दुकान म्हणजे ‘दुका’, आणि आंबा म्हणजे ‘एंबे’. यांतले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून दोन्हीकडे स्वतंत्रपणे गेले असतील. परंतु पेशवाईच्या कागदपत्रांत वावरलेल्या माणसाला झांझिबारच्या कचेरीत गेल्यावर एकदम परके वाटू नये, हा योगही थोडा नव्हे. वेळ सांगण्याची रीतही तशीच. तेथे दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला सुरू होतो. सकाळी सात वाजले, की स्वाहिली माणूस ‘साआ मोजा’, म्हणजे एक वाजला, असे म्हणतो. आपल्या आज्या-पणज्या सूर्योदयापासून घटका आणि प्रहर मोजीत. जेथे दिवस-रात्र बारमास जवळजवळ सारखे असतात, त्या विषुववृत्ताजवळच्या मुलुखात हीच गणना सर्वांत शहाणपणाची होय.

आता त्या दुसऱ्या नोंदीकडे वळतो, जिच्याकडे वळल्यावाचून पुढे जाता येत नाही.

शहराच्या पूर्वेकडील म्कुनाझिनी भागात एक अँग्लिकन कॅथीड्रल आहे. तेथे पूर्वी गुलामांचा बाजार भरत असे. न्यासा सरोवराच्या आणि त्याहीपलीकडच्या प्रदेशातून पकडून, साखळदंडांनी बांधून, शेकडो मैल चालवीत किनाऱ्यावर आणलेली माणसे गलबतांच्या तळात कोंबून या बेटावर उतरविली जात. वाटेत किती मेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दरसाल हजारो माणसे या बाजारातून विकली गेली. काही बेटावरच्या लवंगांच्या मळ्यांत राबली, काही अरबस्तानात आणि इराणात गेली. या व्यापारास ज्यांनी भांडवल पुरविले, त्यांत आपल्या किनाऱ्यावरचे सावकार होते. आणि बेटावरच्या हिंदी रहिवाशांच्या पदरीही गुलाम होते, हे १८६० साली ब्रिटिश वकील रिग्बी याने त्यांतल्या पुष्कळांना दास्यमुक्त केले, तेव्हा सरकारी दफ्तरात नोंदलेच गेले. हे लिहिताना लेखणी जड होते, पण पूर्वजांच्या पेढीची वही उघडायची, तर जमेची पाने उघडून नावेची पाने चिकटवून ठेवणे हा खोटेपणा होय.

या बाजाराचा शेवट करण्यातही मुंबईचे एक नाव आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, ते १८७३ साली ब्रिटिश सरकारचे वकील म्हणून झांझिबारास आले. सुलतान बरघश याने प्रथम त्यांची मागणी नाकारली. पुढे बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी देण्यात आली, आणि ५ जून १८७३ रोजी सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली. बाजार बंद झाला. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता मात्र १८९७ पर्यंत गेली नाही. तह झाला त्याच, म्हणजे १८७३ च्या, नाताळात बाजाराच्या जागेवर प्रार्थनामंदिराचा पाया घातला गेला. बिशप एडवर्ड स्टीअर, ज्यांनी स्वाहिली भाषेच्या व्याकरणासाठी मोठे श्रम घेतले, त्यांच्या देखरेखीखाली ही वास्तू उभी राहिली. ज्या झाडाला बांधून गुलामांना फटके मारीत, त्या झाडाच्या जागी आज वेदी आहे असे सांगतात, आणि तेथे जमिनीवर संगमरवराचे एक पांढरे वर्तुळ दाखवितात. शेजारच्या इमारतीखालील काही बुटक्या, अंधाऱ्या कोठड्याही गुलामांच्या कोठड्या म्हणून दाखविल्या जातात. इतिहासकारांना त्याविषयी शंका आहे, कारण ती इमारत बाजार बंद झाल्यानंतरची आहे. पण बाहेरच्या अंगणात स्वीडनच्या क्लारा सोर्नास या शिल्पकर्तीने केलेले जे स्मारक आहे, त्याविषयी शंकेचे कारण नाही. जमिनीत खणलेल्या एका चौकोनी खड्ड्यात पाच मानवाकृती उभ्या आहेत, त्यांच्या गळ्यांत लोखंडी साखळी आहे, आणि पाहणाऱ्याला त्यांच्याकडे वरून पाहावे लागते. जगात मी वाचलेल्या आणि पाहिलेल्या स्मारकांत इतके अबोल आणि इतके खरे स्मारक दुसरे नाही.

या कॅथीड्रलात एक लाकडी क्रूस आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या अंतर्भागात चितांबो येथे वारला, तेव्हा ज्या झाडाखाली त्याचे हृदय पुरले गेले, त्याच झाडाच्या लाकडाचा तो केलेला आहे. त्याचा देह त्याच्या आफ्रिकी साथीदारांनी वाळवून, कापडात गुंडाळून, महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. तेथून तो झांझिबारमार्गे लंडनला गेला. त्या साथीदारांपैकी जेकब वेनराइट याने त्या दफनाच्या वेळी प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला ज्यांनी हात लावला, त्यांत तोही होता. आणि हा वेनराइट शिकला कोठे? तर नाशिकजवळच्या शरणपुरात. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी नौकांनी सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस आणीत आणि त्यांतली काही शरणपूरच्या मिशनशाळेत ठेवीत. गोदाकाठी अक्षरे गिरविलेली ही मुले पुढे ‘नासिक बॉइज’ या नावाने आफ्रिकेच्या शोधप्रवासांच्या इतिहासात ओळखली गेली. नाशिकच्या माणसाने झांझिबारात पाहायलाच हवे असे काही असेल, तर ते हे.

बरघश याच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आजच्या शहराचा राजदर्शनी भाग त्याचा आहे. तरुणपणी भावाविरुद्ध बंड केल्यामुळे त्याला मुंबईस हद्दपार करण्यात आले होते, आणि तेथे त्याने सुमारे दोन वर्षे काढली. (या बंडात त्याची बहीण सलमा हिने त्याची पत्रे लिहिण्याचे काम केले होते, पुढे ती एका जर्मन व्यापाऱ्याशी विवाह करून युरोपात गेली, आणि १८८६ साली तिने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. अरब राजकन्येने जनानखान्याचे जीवन स्वतः लिहून जगापुढे ठेवावे, हे त्या काळी अपूर्वच होते.) १८७० साली गादीवर आल्यावर बरघशने शहरात झऱ्याचे शुद्ध पाणी नळाने आणले, इराणी धर्तीचे हमामखाने बांधविले, आणि १८८३ साली समुद्रासमोर ‘बैत-अल-अजैब’, म्हणजे आश्चर्यगृह, उभारले. ओतीव लोखंडाच्या खांबांवर तोललेले रुंद सज्जे, विजेचे दिवे आणि पुढे वर-खाली जाणारा पाळणा, या साऱ्यांमुळे लोकांनी त्यास ते नाव दिले यात नवल नाही.

त्याच्या निधनानंतर काहीच वर्षांत राज्य ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेले. १८९६ च्या ऑगस्टात सुलतान हमद वारला, आणि बरघशचा मुलगा खालिद याने इंग्रजांची संमती न घेता गादी बळकावली. २७ ऑगस्टला सकाळी नऊच्या ठोक्यास मुदत संपताच बंदरातल्या ब्रिटिश युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. चाळीस मिनिटांच्या आतबाहेर सारे आटोपले. जगातले सर्वांत अल्पकालीन युद्ध म्हणून ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत कौतुकाने सांगतात. तथापि तेवढ्या वेळात राजवाड्याच्या बाजूची पाचशेच्या सुमारास माणसे मेली अथवा जायबंदी झाली, हे त्या कौतुकात सहसा येत नाही.

आश्चर्यगृह त्या दिवशी वाचले, पण २५ डिसेंबर २०२० रोजी, दुरुस्तीचे काम चालू असतानाच, त्याचा मोठा भाग आणि घड्याळाचा मनोरा कोसळला. या शहराचे दुखणे त्याच्या बांधणीतच आहे. येथील दगड म्हणजे समुद्राने घडविलेला सच्छिद्र प्रवाळखडक. तो चुन्यात बसवून जाड भिंती उभारतात, आणि छताला कांदळाचे वासे घालतात. हे वासे जेमतेम तीन मीटरचे असल्यामुळे खोल्या अरुंद आणि लांबच लांब होतात; म्हणजे झाडाच्या उंचीने घराची रुंदी ठरविली. प्रवाळ पाणी शोषतो. चुन्याचा गिलावा वेळच्या वेळी केला नाही, तर पावसाळ्यागणिक भिंत आतून भुसभुशीत होत जाते.

पण जोवर या भिंती उभ्या आहेत, तोवर त्यांच्यामधून चालण्यासारखे सुख नाही. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की दोन्ही हात पसरले तर दोन्हींकडच्या भिंतींना बोटे लागावीत. त्यांमुळे भर दुपारी सावली राहते आणि समुद्राचा वारा फिरत राहतो. वाट चुकते, आणि ती चुकू द्यावी. कारण शहर तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले होते आणि आजही कोणत्याही गल्लीने चालत राहिले असता माणूस शेवटी समुद्रावर अथवा दराजानीच्या बाजारावर येऊन पोचतो. वाटेत एका कोपऱ्यावर मशिदीचा मनोरा दिसतो, दुसऱ्यावर देवळातली घंटा ऐकू येते, तिसऱ्यावर गोवेकरांच्या वहिवाटीतल्या सेंट जोसेफ कॅथीड्रलचे दोन कळस छपरांवरून डोकावतात. घरांच्या दर्शनी भिंतीला लागून दगडी बैठका असतात, त्यांना ‘बराझा’ म्हणतात. कोकणात किंवा देशावरच्या वाड्यात ओट्यावर बसून ज्याने संध्याकाळ घालविली आहे, त्याला बराझाचा अर्थ सांगावा लागत नाही: आलागेला येथेच टेकतो, कडू कॉफीची पेली येथेच फिरते, मुले येथेच अभ्यास करतात, आणि पावसाने गल्ली तुंबली की लोक येथूनच चालतात.

घरधन्याची ऐपत आणि कुळ सांगते ते मात्र दार. साग आणि फणसाच्या जातीच्या कठीण लाकडात कोरलेली ही दारे दोन घराण्यांची आहेत. अरबांचे दार चौकटीला सरळ, वरच्या पट्टीवर कुराणातील वचन, बाजूंना खजूर आणि कमळ यांचे नक्षीकाम. कडेने कोरलेली साखळी घराचे रक्षण करते आणि तळाशी कोरलेला मासा भरभराटीचे प्रतीक, असे सांगतात. हिंदी दाराला वर कमान, आणि फळ्यांवर पितळेचे टोकदार खिळे. हे खिळे कशासाठी? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते ठाऊक आहे: हत्तीने धडक देऊ नये म्हणून. या बेटावर हत्ती कधीच चालून येणार नव्हता. पण गुजराती सुताराने आपल्या दाराची आठवण बरोबर आणली, आणि अरबानेही ती शोभेसाठी उचलली.

सूर्य कलला, की लोक समुद्राकाठच्या फोरोधानी बागेत जमतात. मुले धक्क्यावरून पाण्यात उड्या घेतात, आणि दिवे लागताच खाण्याच्या गाड्या मांडल्या जातात. मासळी, अष्टपाद, मांसाच्या सळया हे तर आहेच. पण आपल्या माणसाने ‘उरोजो’ मागावा. कैरी-लिंबाच्या आंबट, पिवळ्या कढीत भजी, उकडलेला बटाटा, कुरकुरीत कसावा आणि चटण्या घालून वाटीत देतात. ज्याने हा पदार्थ प्रथम केला, त्याच्या घरी डाळीच्या पिठाचा डबा खात्रीने होता. सोबत आले-लिंबू घालून उसाचा रस. शेजारी कोठे तरी ‘तारब’ गायन चालू असते. हे संगीत बरघशच्या काळी इजिप्तमधून दरबारात आले, अरबी होते, आणि दरबारातच राहिले असते. ते लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या अंगणात आणले सिती बिंती साद या बाईने. गुलामांच्या वंशात जन्मलेली, खेड्यातून मडकी घेऊन शहरात विकायला येणारी ही स्त्री स्वाहिलीत गाऊ लागली; आणि १९२८ साली तिच्या गाण्यांच्या पहिल्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या त्या मुंबईत. त्या तबकड्यांनी सारा पूर्व आफ्रिकी किनारा तिच्या आवाजाने भरून टाकला. पुढच्या काळात हिंदी चित्रपटांच्या चालीही तारबात मिसळल्या.

मुंबईशी असलेला हा संबंध नेहमीच गोड राहिला असे नाही. १९३० नंतर लवंगेच्या व्यापाराविषयी जे कायदे झांझिबार सरकारने केले, त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांचा व्यवसाय बुडण्याची वेळ आली, तेव्हा काँग्रेसने १९३७ साली झांझिबारच्या लवंगांवर बहिष्कार पुकारला. मुंबईच्या बाजारात निरोधन झाले, आणि पुढल्या वर्षी सरकारला तडजोड करावी लागली. १९६३ च्या डिसेंबरात देश स्वतंत्र झाला, आणि महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांती होऊन सुलतानाची सत्ता गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय त्या उद्रेकामागे होता, पण त्यात हजारो निरपराध माणसे, मुख्यतः अरब आणि त्यांखालोखाल हिंदी, मारली गेली, आणि पुष्कळांनी घरे टाकून देश सोडला. त्याच वर्षी झांझिबार आणि टांगानिका मिळून टांझानिया झाला. त्या वर्षी गेलेल्यांत बलसारा हे पारशी कुटुंब होते, ज्यांचा मुलगा फारुख आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झालेला. आणि त्या क्रांतीनंतरच्या वर्षांत विलायतेस गेलेला झांझिबारी तरुण अब्दुलरझाक गुर्ना २०२१ साली साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला.

मागे राहिलेली घरे सरकारजमा झाली. एकेका दिवाणखान्यात तीन-तीन बिऱ्हाडे राहिली, आणि दुरुस्तीला वाली उरला नाही. १९८५ साली जतनासाठी स्वतंत्र संस्था नेमली गेली, पुढे आगाखान न्यासाने थारिया तोपन या व्यापाऱ्याच्या जुन्या दवाखान्याची लाकडी कातरकामाची अप्रतिम इमारत दुरुस्त केली, आणि २००० साली युनेस्कोने या शहरास जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पर्यटनाने पैसा आणला, त्यामुळे पडकी घरे पुन्हा उभी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जे घर हॉटेल झाले, त्याच्या बराझावर संध्याकाळी शेजारी बसत नाहीत. आणि दुरुस्तीच्या खर्चाला व वाढत्या भाड्याला कंटाळून जुने रहिवासी गावाबाहेर गेले, तर उरेल तो केवळ देखावा. माझ्या मते या शहराला समुद्राच्या खाऱ्या हवेपेक्षा हा धोका मोठा आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मार्च ते मे हा ‘मसिका’, म्हणजे मोठा पाऊस. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे महिने बरे. गाव मुसलमानी वहिवाटीचे आहे, म्हणून खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे गल्ल्यांतून घालावेत, आणि विचारल्यावाचून कोणाचे चित्र घेऊ नये. होडीने अर्ध्या तासात चांगू बेटावर जाता येते, जेथे १९१९ साली सेशेल्सहून आणलेल्या प्रचंड कासवांची प्रजा आहे. दक्षिणेकडे जोझानीच्या अरण्यात तांबडी कोलोबस माकडे आहेत, जी या द्वीपसमूहाखेरीज जगात कोठे मिळत नाहीत. बायकांनी ‘कांगा’ अवश्य पाहावी; त्या रंगीत वस्त्राच्या काठावर म्हण छापलेली असते, आणि कोणती म्हण कोणासमोर नेसावी याचे तेथे एक शास्त्रच आहे. शक्य तर हॉटेलऐवजी एखाद्या कुटुंबाने चालविलेल्या जुन्या घरात उतरावे.

आणि एक विनंती. वाळू आणि समुद्र कोठे जात नाहीत. पहिल्या दिवशीची पहिली सकाळ म्कुनाझिनीच्या अंगणातल्या त्या पाच मानवाकृतींसाठी राखावी, मग लवंगा विकत घ्याव्यात. फोरोधानीच्या बागेपासून ते अंगण पायी अदमासे पंधरा मिनिटांवर आहे.